सोयाबीनच्या रेषा

मैदानावर संस्थाध्यक्षांचे सोयाबीन वाळत होते आणि वर्गात खेळाचे महत्त्व. मुख्याध्यापकांनी फळ्यावर निबंधाचा विषय लिहिला होता: 'स्पर्धात्मक खेळांचे शैक्षणिक मूल्य'. मैदानावर कबड्डी खेळता येत नव्हती, म्हणून कबड्डीविषयी लिहिण्याची सोय करण्यात आली होती. ज्ञानाचा इतका काटकसरी विनियोग मानोरा तालुक्यात यापूर्वी झाला नसावा.

फाटकाशी शिरपूरचा संघ गणवेशात उभा होता. जिल्ह्याचा अंतिम सामना इथेच ठरला होता. मधल्या सुट्टीपर्यंत मैदान मोकळे झाले नाही तर शिरपूरला पुढे चाल, असे पंचांनी सांगितले.

"त्याग हादेखील खेळाचाच संस्कार आहे," मुख्याध्यापक वर्गाला म्हणाले.

कर्णधार रंजीताने कोरा कागद बाकावर ठेवला आणि ती बाहेर पडली. मागोमाग तिचा संघ.

सोयाबीनवर फावडे फिरवणारी बाई तिची आई होती. कमलीबाई अध्यक्षांकडे, म्हणजे भाऊसाहेबांकडे, रोजाने होती. दिवाळीनंतर तांडा ऊसतोडीला निघणार होता. तिने लेकीला शब्द दिला होता: जिंकून विभागाच्या सामन्यांना अमरावतीला गेलीस तर शाळेसाठी मागे राहा, नाहीतर कोयता उचल आणि चल.

"याडी, फावडं दे."

"भाऊसाहेब माही रोजी बंद करन. आन् हा बोंबलत पळाचा खेळ कायले पाह्यजे तुले?"

"दुसऱ्याच्या हद्दीत घुसलं का बोलत राहा लागते, याडी. एका दमात. तोंड थांबलं का बाद."

"आन् ज्याइच्या हद्दीत घुसला, त्याइनं काय कराव?"

"हात सोडाचा नाई."

कमलीबाईने फावडे दिले नाही. तिने स्वतःच सोयाबीन कडेला ओढायला सुरुवात केली. मुली झाडू घेऊन धावल्या. शिरपूरच्या मुलींनी काही काळ प्रतिस्पर्धी असल्याचे भान ठेवले. मग त्याही ताडपत्री धरायला आल्या. आखणीची फक्की कपाटात कुलूपबंद होती, म्हणून रेषा सोयाबीनच्याच घातल्या. भाऊसाहेबांच्या मालाला सरळपणाचा तो पहिलाच स्पर्श.

भाऊसाहेबांची पांढरी गाडी फाटकात थांबली.

"पसरा! पसरा पह्यले! पसरा म्हणतो ना!" ओरडत ते थेट मैदानात घुसले आणि मध्यरेषा ओलांडून आले. मुली पळाल्या नाहीत. अंगवळणी पडलेल्या सरावाने त्यांनी हात गुंफले, गुडघे वाकवले आणि अर्धवर्तुळात त्यांच्यासमोर साखळी धरली.

भाऊसाहेब निर्धास्त होते. त्यांच्या आवाजाने पालकसभा विरघळल्या होत्या, ग्रामसभा उठल्या होत्या. अशा साखळीतला कच्चा दुवा कुठे असतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. ते ओरडतच टोकाकडे वळले.

टोकाला रंजीता होती. तिचा मोकळा हात आता मोकळा नव्हता. तो कमलीबाईने धरला होता. आजवर त्यांच्यासमोर जिची मान कधी वर झाली नव्हती, ती बाई मुलींसारखेच गुडघे वाकवून सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहत होती.

"तू बी?" भाऊसाहेब म्हणाले. पुढचा शब्द त्यांना सापडला नाही.

पंचांच्या तोंडातली शिट्टी केवळ सवयीने वाजली. ती कशासाठी, हे मुख्याध्यापकांना खिडकीतून कळले नाही. भाऊसाहेबांनाही कळले नाही.

कमलीबाईला कळले.

"दम तुटला, भाऊसाहेब. तुमी बाद. आता भाईर व्हा, पोरीयची म्याच हाय."