न विझणारा सूर

"नेतेस तर ने, पण आधी एकदा मांडीवर दे," थोरली म्हणाली.

धाकटीने उचललेली पेटी परत पलंगावर ठेवली, मँडोलिन बाहेर काढलं आणि बहिणीच्या मांडीवर दिलं. थोरलीचा उजवा हात आजारपणाने नेला होता. खुर्चीच्या दांडीवर तो नुसता पडून असायचा, दुसऱ्या कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा. वाद्य टांगून ठेवून त्याच्याकडे बघत बसण्यापेक्षा कुणीतरी वाजवावं, म्हणून तिनेच ते संगीतशाळेला द्यायचं ठरवलं होतं. धाकटी ते न्यायला तालमीहून परस्पर आली होती. तिचं व्हायोलिन अजून खांद्यालाच होतं.

थोरलीच्या डाव्या हाताला मात्र यातलं काही कुणी सांगितलंच नव्हतं. मँडोलिनच्या मानेवर तो टेकायचा अवकाश, बोटं पडद्यांवर चालायला लागली. सूर नाही, नुसती तारा दाबल्याची बारीक टकटक. पण मँडोलिन आणि व्हायोलिन, दोन्हींच्या तारा सारख्याच सुरांत लागतात, त्यामुळे धाकटीला बोटांवरूनच धून कळली.

"तू बोटं ठेव, ताई. मी छेडते," ती म्हणाली आणि पेटीतली नखी घेऊन जवळ सरकली.

दोन ओळीही झाल्या नसतील.

"अगं, टोचतेस काय अशी? कोंबडी दाणे टिपतेय का?"

चूक धाकटीची नव्हती. मँडोलिनचा सूर मुळातच अल्पायुषी. छेडला की लगेच विझायला लागतो. तो टिकवायचा तर नखी तारेवर अशी थरथरवायची की सुट्या ठिपक्यांची कानाला रेघ वाटावी. थोरलीचं सगळं नाव त्या थरथरीवर झालेलं. धाकटीचं मनगट त्या कामाचं नव्हतं.

"राहू दे," थोरली म्हणाली. "हौस फिटली. ने आता."

 धाकटीने खांद्यावरची पेटी उतरवली आणि व्हायोलिन आतच ठेवून फक्त बो काढला.

"हे आणि काय?"

"बघू तरी."

"वेड लागलंय का तुला? व्हायोलिनची तारांखालची घोडी कमानदार असते, याची सपाट. बो लावलास तर सगळ्या तारा एकदम बोंब मारतील."

"मारू देत."

तारांनी खरोखरच बोंब मारली. स्वयंपाकघरात थोरलीचे यजमान भांडी विसळत होते. तिथून त्यांनी विचारलं, "कुठलं दार करकरतंय? तेल घालू का?"

"दार नाही, भावोजी! कलाकार आहोत आम्ही!"

थोरलीला हसू आवरेना. किती दिवसांनी ती अशी हसत होती. हसू ओसरल्यावर तिनेच मँडोलिन मांडीवर उभं केलं आणि त्याची मान डाव्या खांद्याशी घेतली. "आता बघ. कडेची जोडतार आहे ना, तेवढीच धर. बो तिरका कर. अजून. इतरांना लागू देऊ नकोस."

धाकटी बहिणीच्या पायाशी स्टुलावर बसली. बोच्या केसांना राळ घासून घेतली आणि श्वास रोखून तो कडेच्या दोन तारांवर टेकवला. आधी नुसती खरखर आली. मग एक कण्हणं. आणि मग त्या कण्हण्यातून, कुणीतरी पडदा बाजूला करावा तसा, सूर आला.

तो व्हायोलिनचा नव्हता आणि मँडोलिनचाही नव्हता. काचेच्या पेल्याच्या कडेवरून ओलं बोट फिरवावं तसा पारदर्शक, आणि जोडीच्या दोन तारांत केसाएवढा फरक असल्याने आतल्या आत हलणारा. थोरलीच्या छातीला टेकलेलं लाकूड गुणगुणायला लागलं. सवयीने ती सूर विझायची वाट बघत राहिली. तो विझेना.

तिने बोट दाबून तार किंचित ओढली. सूर सुताएवढा वर चढला. सैल सोडली, खाली आला. तिने बोट न उचलता एक पडदा ओलांडला, मग दुसरा, आणि सूर तिच्यामागून पायऱ्या चढत गेला, कुठेही न तुटता. 

"हे माझ्या हातून कधी झालं नव्हतं गं," ती कुजबुजली. "हात धड होता तेव्हासुद्धा नाही."

दारात यजमान येऊन उभे राहिले होते. ओल्या हातांचं पाणी फरशीवर ठिबकत होतं, त्याचं त्यांना भान नव्हतं.

"ताई, खांदा भरून आला माझा," धाकटी म्हणाली. तिचाही आवाज नकळत खाली आला होता.

"माझा एक हात कामातून गेलाय. मी कुरकुरतेय का?"

"बरं बाई. मग पुढचा सूर तरी घे."

"घेईन. घाई करू नकोस. जन्मभर धावले मी, सूर पडू नये म्हणून. आता जरा इथे थांबू दे मला."

बो टोकापर्यंत आला. धाकटीने तो अलगद परतवला. तारांकडे ती बघतच नव्हती. बहिणीचं बोट कधी उचलतंय तिकडे तिची नजर होती. बो पुन्हा संपला, पुन्हा परतला. बोट तिथेच होतं.