बोट कुठे थांबलं

अर्धांगवायूनं त्याची वाचा गेली होती. "कितपत समजतंय, सांगता येत नाही," असं डॉक्टर म्हणाल्यापासून बायकोचा जीव टांगणीला होता. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी त्याच्या डाव्या हातात पेन्सिल दिली. त्यानं स्वतःचं आणि बायकोचं नाव वेडंवाकडं लिहिलं, मग दोन्ही नावांतली सारखी अक्षरं खोडायला लागला. "खोडताय कशाला?" बाई हळहळल्या. बायकोनं मात्र शाळेतला खेळ ओळखला. खाली मैत्री, प्रेम, लग्न, वैर लिहायचं, उरलेली अक्षरं मोजत त्यांवर बोट फिरवायचं. थांबेल ते नशिबात. दोघं एका वर्गात होती तेव्हा त्यानं लग्न आणून दाखवलं होतं. तिनं घरी मोजलं तर वैर आलं, पण चकार शब्द काढला नाही. आताही त्यानं खाली ते चार शब्द लिहिले. मोजता मोजता बोट वैरावर थांबलं, आणि तिची नजर चुकवून लग्नावर सरकलं. "ह्यांचं डोकं ठिकाणावर आहे, बाई," ती डोळे पुसत म्हणाली. "लबाडी अजून जमते."