बदली डोंगर

ललितला परदेशात नोकरी लागली तर त्याला घेऊन सप्तशृंगीचा गड पायी चढेन, असा नवस पारोळ्याच्या यशोदाबाई बोलून बसल्या होत्या. नोकरी लागली, पण पोराला सुट्टीच मिळेना. शेवटी यशोदाबाईच त्याच्याकडे नॉर्वेला गेल्या आणि त्याला सोबत घेऊन तिथलाच एक डोंगर चढल्या. देवीला कुठे व्हिसा लागतो! वर पोचताच त्यांनी दगडावर नारळ फोडला आणि देवीला बजावलं, “डोंगर तो डोंगरच. चालवून घे, बाई.”

एकदाचा नवस फिटला म्हणून ललित धापा टाकत म्हणाला, “फिटना ना माय, नवस?”

“फिटना. आते नवा बोलनू.”

“आते कोनता?”

“तुनी नोकरी जाऊ दे, असा. गई, का आपन गडवरच जासूत.”