कुंडलिकाचा पेला

साळूबाईनं सकाळीच सांगून टाकलं, "यंदा कुंडलिकाची बी वाकळ अंथरायची."

धोंडाबाई जमीन सारवत होती. तिचा हात जागच्या जागी थांबला. कुंडलिक म्हणजे तिचा नवरा, साळूबाईचा एकुलता एक लेक. तो मेल्याचं अजून कुणी सांगितलं नव्हतं.

आज सर्वपित्री अमावस्या. हिर्डोशीतल्या या घरची रीत गावात दुसऱ्या कुणाची नव्हती. मधल्या खोलीत घरातल्या प्रत्येक मयताची वाकळ अंथरायची, तीही त्याच्याच जुन्या कपड्यांची शिवलेली. तिच्यावर तो जिवंतपणी जे आवडीनं प्यायचा त्याचा पेला ठेवायचा. वाकळ आणि पेला जुळला तरच माणूस येऊन बसतो. मग दार ओढून घ्यायचं, आणि उघडल्यावर वाकळेवर बसल्याची सळ दिसली की पितर पावले. सळ दरवर्षी दिसायची. वर्षभर घडी घालून ठेवलेल्या वाकळेला सळ पडायला पितरच कशाला हवेत, पण ते बोलायचं नसतं.

कुंडलिक चार वर्षांपूर्वी घाट उतरून महाडकडे गेला होता. बंदरावर काम बघतो म्हणाला, आणि गेला तो गेलाच. माणसं धाडून झाली, देवऋषी झाले. धोंडाबाई रोज कुंकू लावत राहिली.

"आत्याबाई, त्यांची कशाला?" तिनं विचारलं.

"सपनात आला हुता. आये, लई गारठलोय म्हनला." सासू म्हणाली. "मग अंगावर पांघरून नगं का घालाया?"

ओसरीवर बसलेल्या चुलतसासऱ्यांनी, कोंडिबांनी, लगेच री ओढली. "वैनी, हे कवाच कराया पायजे हुतं. वाटंत अडकल्यालं मानूस घराला लागतं. आज तो येऊन बसला की सूनबाईला हिरीवर न्या, कुंकू उतरवा, सुटा समदी." कोंडिबांची या अमावस्येवर भारी श्रद्धा. थोरल्या भावाच्या वाकळेवर पहिल्या धारेची दारू ठेवायची असायची, आणि पितरांचं झाल्यावर उरलेली टाकून देणं त्यांच्या जिवावर यायचं. दारूबंदीच्या दिवसांत गवताच्या भाऱ्यात लपवून बाटली आणायची, ती काय ओतून द्यायला?

वाकळा बाहेर निघाल्या. सासऱ्यांच्या वाकळेवर दारू, आजेसासूच्या वाकळेवर गुळाचा कोरा चहा. कुंडलिकाची वाकळ साळूबाईनं स्वतःच्या हातानं अंथरली. त्याचे दोन सदरे आणि एक फाटकं धोतर. धोंडाबाईनं ती शिवली होती, पण या कामाला नव्हे. थंडीच्या रात्री तीच पांघरून ती निजायची.

"आता ह्याला काय ठिवायचं?" कोंडिबांनी विचारलं. "चा ठिवा, न्हाईतर माझ्यातली घोटभर द्या."

कुंडलिक काय प्यायचा ते धोंडाबाईला ठाऊक होतं. रानातून आला की दाराआडून हळूच विचारायचा, आंबील हाय का गं? रात्रभर आंबवलेली नाचणीची आंबील, मिठाचा खडा टाकून. चारचौघांत मागायला लाजायचा, कारण बरोबरीचे गडी म्हाताऱ्यांचं पिणं म्हणून हसायचे. आताही चुलीमागं मडक्यात आंबील होती. तिनं नुसतं बोट दाखवलं असतं तरी वाकळ आणि पेला जुळला असता, आणि नवरा मेला असता. ती गप्प राहिली.

"दूध ठिवते," साळूबाई म्हणाली.

धोंडाबाईनं चमकून वर बघितलं. दूध तोंडाशी नेलं की कुंडलिकाला ओकारी यायची. म्हातारी विसरली असावी. धोंडाबाईला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लगेच लाजही वाटली. तो खरंच मेला असेल, एवढा घाट चढून दारापर्यंत आला असेल, तर बायकोच्या गप्प बसण्यापायी तहानलेलाच परत जाईल. तरीही तिनं मडक्याकडं बोट दाखवलं नाही.

दार ओढून घेतलं. सगळी अंगणात बसली. कोंडिबा घसा खाकरत राहिले.

दार उघडलं तशी साळूबाई पुढं झाली आणि लेकाच्या वाकळेवर वाकली. मागून कोंडिबांनी मान लांब केली. "ही काय सळ. बसलाय की."

"ती म्या अंथरताना पडलीया," साळूबाई म्हणाली. "न्हाई बसला. कुंकू ऱ्हाऊ द्या."

कोंडिबा काही बोलणार होते, पण भावाची बाटली समोरच होती. ते तिच्याकडं वळले.

साळूबाई पेला घेऊन चुलीपाशी आली. दूध तिनं मांजराच्या करवंटीत ओतलं. धोंडाबाई मडक्यापाशी उभी होती, तोंडाला पदर लावून.

"दुधाचा त्याला वास बी खपत न्हवता," साळूबाई हलक्या आवाजात म्हणाली. "ल्हानपनापास्नं आंबीलच लागायची."

धोंडाबाई तिच्याकडं बघतच राहिली. "तुमाला ठावं हुतं? मग वाकळ?"

"गारठला हुता, म्हनून दिली."

साळूबाईनं पेला राखेनं घासला, विसळला, फळीवर पालथा घातला. मग सुनेकडं न बघताच म्हणाली, "फुडल्या साली ताक ठिवू."