उपासातले खिमा पॅटिस

लेफ्तेरिसने, माझ्या मुलाने, आमच्या बेकरीची चारही दुकानं नव्या संगणकाला जोडली. त्याआधी डोंगरावरच्या दुकानातून माझी जाऊ एव्हान्थिया रोज सकाळी फोनवर मागणी सांगायची. लग्न होऊन आली तेव्हापासूनची तिची सवय. पावांबरोबर शेजारीण, गुडघे, गेलेला नवरा, सगळं निघायचं. "आता फोन करू नको, असं काकूला सांगू ना?" लेफ्तेरिसने विचारलं. "सांग बाबा, माझ्या कानांना विसावा," असं मीच म्हणाले. त्यानंतर मीही तिला फोन केला नाही. आज, ईस्टरआधीच्या कडक उपासात, तिची मागणी पडद्यावर उमटली: खिमा पॅटिस, वीस ट्रे. या आठवड्यात तिच्या गावात कुणी दुधालाही शिवत नाही. "काकूला बटणं कळत नाहीत," लेफ्तेरिस वैतागला. मी फोन लावला. तिने पहिल्याच घंटेला उचलला. "अगं बये, उपासात खिमा? पाद्रीबाबा दुकानाला कुलूप लावतील." "लावू देत. तेवढ्यासाठी तरी कुणी वर येईल." "चुकून दाबलंस ना?" "नाही गं. रोज नीट बघून, चष्मा लावून मागणी पाठवते. सगळं बरोबर असलं की तुमच्याकडून कुणाचा फोन येत नाही. म्हणून आज हे मागवलं." लेफ्तेरिस माझ्या खांद्याशी येऊन कुजबुजला, "तिला सांग, पुन्हा अशी चूक करू नको म्हणावं." तेवढं मात्र मला सांगवेना.