डावा गाल, उजवा गाल

उर्वीने हंड्यावरची ताटली हळूच सरकवली, पण तांब्या कडेला घासला आणि आईला ऐकू गेलंच.

"पिण्याचं पाणी आहे ते," मोरीत भांडी घासत बसलेल्या गोदावरीबाई म्हणाल्या. "नळ आता शुक्रवारी येणार. तोंड धुवायला बोअर आहे की."

उर्वीने भरलेला तांब्या खाली ठेवला नाही. आठ महिन्यांत तिने तीन फेसवॉश बदलले होते. पहिला तेलकट त्वचेचा, दुकानदाराने गळ्यात मारलेला. त्याने गालांची सालपटं निघाली. मग तिने टिपकागद कपाळाला, नाकाला लावून पाहिला, तेलाचा डाग उमटला नाही, म्हणून कोरड्या त्वचेचा, बिनवासाचा घेतला. आग थांबली नाही. तिसरा सगळ्यांत महाग, तोही तसाच. मावशीने बेसन सुचवलं. बाबा म्हणाले, बीएस्सी झालीस आणि एक साबण निवडता येईना व्हय? सोमवारी मुलाखत होती, आणि पावडर लावली की सालपटं जास्तच दिसत.

म्हणून गेले दहा दिवस ती एकच ट्यूब वापरत होती. डावा गाल बोअरच्या पाण्याने, उजवा नळाच्या. आई देवळात गेली की ती हंड्यातून पाणी घेई. हंडा भराभर उतरतोय, असं आई दोनदा म्हणालीही होती.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. ती मोरीच्या दारात उजेडाकडे तोंड करून वाकली.

"हात लावून बघ. आधी हा गाल. आता हा."

गोदावरीबाईंनी पदराला हात पुसले आणि बोटांच्या मागच्या बाजूने गाल चाचपले. डावा लाल, खरखरीत. उजवा मऊ.

उर्वीने सांगितलं, ट्यूब वाईट नव्हती. बोअरच्या पाण्यात क्षार फार. धुतलं तरी फेसवॉश सगळा निघत नाही, थोडा कातडीवरच राहतो आणि कातडी जळत राहते. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक, एवढंच नळाचं पाणी लागेल.

गोदावरीबाईंनी हंड्यांकडे पाहिलं. दीड हंडा होता, माणसं चार, आणि आज मंगळवार. मग त्यांनी स्वतःचे हात उलटे करून पाहिले. बोटांच्या बेचक्यांत भेगा होत्या, दोन ताज्या.

"डॉक्टर म्हणाले होते, साबण सोसत नाही," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं मी भांड्यांचा साबण बदलतेय."



गोदावरीबाई उठल्या. उर्वीच्या हातातला तांब्या घेऊन अर्धं पाणी त्यांनी हंड्यात परत ओतलं, ताटली नीट बसवली आणि अर्धा तांब्या तिच्या हातात दिला. मग मोरीत बसून उरलेल्या भांड्यांवर बोअरचा नळ सोडला.