पाच महिने आधी

व्हर्निटा गॅस्किन्सने पोराचा शाळा पास झाल्याचा डिप्लोमा शाळेच्याच ऑफिसातल्या काउंटरवर आपटला. काचेच्या चौकटीसकट.

"हा परत घे."

काउंटरपलीकडे डार्लीन ओडम बसली होती. शाळेचे सगळे दाखले तिच्याच हातून निघायचे. दोघी याच शाळेत एका वर्गात शिकलेल्या, रविवारी चर्चमध्ये शेजारी शेजारी उभ्या राहून गाणाऱ्या.

"व्हर्निटा, डिप्लोमा म्हणजे काय दुकानातला शर्ट आहे, मापात बसला नाही म्हणून परत आणायला?"

"तुझे विनोद नकोत मला. टॅव्होरिसला पुन्हा शाळेत घे. आजपासून. मे महिन्यात बाकीच्या पोरांबरोबर पास होऊ दे."

टॅव्होरिस मागे बाकावर गुडघे आखडून बसला होता. सव्वासहा फुटांचा पोरगा. छातीवर स्टिकर. त्यावर दारातल्या मशीनने काढलेला त्याचा फोटो, खाली नाव आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत 'पाहुणा'. डिसेंबरपर्यंत जो फुटबॉलचं हेल्मेट काखेत मारून धडधडत या दारातून आत यायचा, त्याला आज वहीत सही करून आत यावं लागलं होतं. आता काय म्हणावं याला!

झालं होतं ते इतकंच. कॉलेजचा फुटबॉल कोच म्हणाला, जानेवारीतच ये, ऑगस्टपर्यंत थांबलास तर तुझी जागा दुसरा कुणी घेईल. झालं, अख्खं गाव पोराच्या मागे लागलं. उन्हाळाभर इंग्रजी, सकाळी सरावाआधी कॉम्प्युटरवर नागरिकशास्त्र. शेवटच्या वर्षाचा अभ्यास अर्ध्या वर्षात उरकला आणि डिसेंबरात डिप्लोमा हातात. परवा शनिवारी बॅगा गाडीत भरल्या, आणि त्याच दिवशी कॉलेजने त्या कोचलाच काढून दुसरा नेमला. काल नव्या कोचचा फोन आला. जागा आहे हो तुमच्या मुलाला, पण ऑगस्टमध्ये. जानेवारीत मी माझी पोरं आणतोय.

"आता हा कुठला, ते तरी सांग," व्हर्निटा म्हणाली. "शाळेचा नाही, कॉलेजचा नाही. आठ महिने काय माझ्या सोफ्यावर बसवू?"

"नियम मी केलेत का? एकदा डिप्लोमा दिला की नाव पुन्हा पटावर घेता येत नाही. सकाळी तुझा फोन आल्यापासून तुझ्याच पोरासाठी भांडतेय मी. हेडमास्तरांना विचारलं, जिल्ह्याच्या ऑफिसात तीन फोन केले."

"ऑक्टोबरात याला कॉलेजने घेतलं म्हणून याच ऑफिसात केक कापलात ना याच्या नावाचा? तेव्हा कुणाला नियम आठवला नाही."

"तूही खाल्लास तो केक."

ऑक्टोबरात टॅव्होरिसने व्हर्निटाला एकदाच विचारलं होतं, मी मेपर्यंत थांबू का गं? रिले शर्यतीतली पोरं म्हणतायत, यंदा राज्यात पहिले येऊ. शेवटचा टप्पा त्याचाच असायचा. तिने उडवून लावलं होतं. थांबून काय करणार, शाळेच्या शेवटच्या पार्टीत पोरींबरोबर नाचणार? पोरगा पुन्हा काही बोलला नव्हता. काल फोन ठेवल्यापासून तिला तेच आठवत होतं आणि म्हणूनच तिचा आवाज एवढा चढला होता. डार्लीनवर तिचा राग नव्हताच.

"कोंबड्यांच्या कारखान्यात माणसं घेतायत म्हणे," डार्लीन म्हणाली. "ऑगस्टपर्यंतच गं."

"एकोणीस वर्षं मी तिथे कोंबड्या कापतेय. ती काय याला शेजारी उभा करायला?"

टॅव्होरिस उठून काउंटरपाशी आला. "मिस डार्लीन, रिलेत पळत नाही मी. पण सरावाला येऊ का? मी फक्त घड्याळ धरीन."

"नाही रे राजा. आता शाळेचा विमा नाही तुला. मैदानावर पाय मुरगळला तर आमच्या गळ्यात येईल."

"घड्याळ धरताना पाय कसा मुरगळेल?"

त्याने खरंच विचारलं होतं. डार्लीनने चौकटीच्या काचेवरचे बोटांचे ठसे बाहीने पुसले आणि डिप्लोमा व्हर्निटाकडे सरकवला.

तेवढ्यात घंटा झाली. कॉरिडॉर पोरांनी भरून गेला. टॅव्होरिस ऑफिसच्या दारात जाऊन उभा राहिला. "ए टॅव्हो! आलास परत?" कुणीतरी ओरडलं. त्याने नुसता हात वर केला. दोन-तीन मिनिटांत सगळे आपापल्या वर्गात गेले. दारं लागली. एकटा टॅव्होरिस तेवढा तिथे उभा होता.

गणिताचे प्रुइट सर कॉफीचा कप सांभाळत घाईघाईने आले. टॅव्होरिसला उशिरा आल्याबद्दल झापण्यात त्यांची तीन वर्षं गेली होती. त्यांनी ना स्टिकर पाहिला, ना पाऊल थांबवलं.

"गॅस्किन्स! घंटा ऐकू आली नाही का? चल, वर्गात!"

"हो सर," टॅव्होरिस म्हणाला आणि त्यांच्यामागून चालू लागला.

डार्लीन खुर्चीतून अर्धी उठली. "अगं, त्याला आत नाही जाता येत! थांबव त्याला..."

व्हर्निटाने तिचा हात काउंटरवर दाबून धरला.

"बस खाली," ती म्हणाली. "वर्गाच्या दारापर्यंत तरी जाऊ दे त्याला."